‘सोपं आहे का?’ हा प्रश्नच चुकीचा आहे: घरच्या ओम्नीने शिकवलेला हिशोब



आज एका अशा व्हिडिओबद्दल लिहितोय, जो तुम्हाला आता चॅनलवर सापडणार नाही. ‘जुनी गाडी घरीच सर्व्हिस करा, दर वेळी सहाशे रुपये वाचवा’ असं त्याचं नाव होतं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो पाहिला, काहींनी पुढे पाठवला. तो मी काढून टाकला. का काढला, आणि त्यातून तुमच्या धंद्यासाठी काय घ्यायचं, ते या लेखात सांगतो.

यावर नवा व्हिडिओही करता आला असता. पण कॅमेऱ्यासमोर बसलो की मी कापाकापी करतो, हे मला आता कळलंय. म्हणून या वेळी लिहूनच सांगतो.

गाडी कोणती आणि का

आमच्याकडे बाबांनी घेतलेली २००५ ची मारुती ओम्नी आहे. ही गाडी १९८४ साली ‘मारुती व्हॅन’ म्हणून बाजारात आली, १९८८ मध्ये तिचं नाव ओम्नी झालं, आणि २०१९ साली तिचं उत्पादन थांबलं. पण आमच्या साकोली तालुक्यात आजही शाळेची मुलं, धानाचं बियाणं, लग्नाची वरात आणि दुकानाचा माल, सगळं ओम्नीतून जातं. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं साधं इंजिन, समोरच्या सीटखाली. सीट उचलली की इंजिन दिसतं. त्यामुळे माणसाला वाटतं, हे तर आपणही करू शकतो.

माझं एकोडीत जनरल स्टोअर्स आहे. स्टेशनरी, प्लास्टिक, स्टीलची भांडी. माल आणायला नागपूरच्या इतवारीत जावं लागतं. साकोली, लाखनी, भंडारा, मौदा असा शंभरावर किलोमीटरचा रस्ता. माझ्या धंद्याचे दोन हंगाम. एक जूनअखेरीस, विदर्भातल्या शाळा उघडतात तेव्हा. दुसरा दिवाळीपासून मंडईपर्यंत, धान निघून हातात पैसे येतात तेव्हा. या दोन हंगामांत ओम्नी चालली तर दुकान चाललं.

२०२२ च्या उन्हाळ्यात मी ठरवलं की सर्व्हिसिंग घरीच करायचं. बीबीए केलेला माणूस आहे, खर्च कमी करायचं वेड डोक्यात होतंच. वर्कशॉपवाला ऑइल-फिल्टरचे पैसे वेगळे आणि मजुरीचे सहाशे घ्यायचा. म्हटलं, मजुरी तर आपलीच आहे, ती फुकट!

इथेच पहिली चूक झाली. मात्र ती कळायला दोन वर्षं लागली.

पहिली सर्व्हिस: दोन रबरं

इंजिन ऑइल काढलं, जुना फिल्टर फिरवून काढला, नवा बसवला, नवं ऑइल भरलं. पाऊण तासात काम झालं. मी खूश. गाडी सुरू केली आणि साकोलीच्या दिशेने निघालो. पाच-सहा मिनिटांत डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला. गाडी बंद करून खाली पाहिलं तर मागे रस्त्यावर काळी रेघ.

झालं असं होतं, की जुन्या फिल्टरचं रबर फिल्टरसोबत निघालंच नव्हतं. ते इंजिनलाच चिकटून राहिलं होतं. त्याच्यावर मी नवा फिल्टर नव्या रबरासकट बसवला. दोन रबरं एकावर एक बसत नाहीत. ऑइलचा दाब वाढला की ती सरकतात आणि सगळं ऑइल बाहेर. आणखी दोन किलोमीटर गेलो असतो तर इंजिन जॅम झालं असतं.

मिस्त्रीभाऊंनी पाहिलं आणि एवढंच म्हणाले, “काहून जी, जुना फिल्टर हातात घेऊन पाहिला नाही का? रबर त्याच्यावर आहे का नाही, एवढं तर पाहाव लागते!”

हे मला माहीत नव्हतं असं नाही. व्हिडिओत ऐकलं होतं. पण त्या वेळी आठवलं नाही. ३० ऑक्टोबर १९३५ ला अमेरिकेत राइट फील्डवर बोइंगचं नवं मॉडेल २९९ विमान उड्डाण करताच कोसळलं होतं. चालवणारे अनुभवी वैमानिक होते. पण जमिनीवर उभ्या विमानाचे पंख-शेपटीचे भाग वाऱ्याने हलू नयेत म्हणून जे लॉक लावतात, ते काढायचं राहिलं होतं. त्यानंतर वैमानिकांसाठी कामांची छापील यादी आली, आणि तेच विमान पुढे बी-१७ म्हणून हजारोंनी बनलं. एवढ्या मोठ्या लोकांना यादी लागते, तर मी कोण? त्या दिवसापासून गाडीत एक वही आहे. जुना फिल्टर काढला की रबर मोजायचं, आणि टिकमार्क केल्याशिवाय पुढे जायचं नाही.

ही चूक मला ११५० रुपयांना पडली, तेवढ्याचं ऑइल रस्त्यावर गेलं. पण गेलं ते माझंच गेलं. हा मुद्दा लक्षात ठेवा.

जळालेलं ऑइल कुठे गेलं?

पहिल्याच वेळी काढलेलं जुनं काळं ऑइल मी घरामागे ओतून दिलं. आपल्याकडे लोक ते लाकडाला वाळवी लागू नये म्हणून लावतात, कुंपणाच्या खांबांना चोपडतात. मी म्हटलं, मातीत जिरून जाईल.

जून-जुलैत पाऊस लागला. एका सकाळी आई मागच्या बाजूने ओरडतच आली. आमच्या मागे शेजाऱ्यांची बोडी आहे, तिच्या पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग आला होता. जनावरं तिथे पाणी पितात. शेजारच्या काकांनी भांडण केलं नाही. फक्त म्हणाले, “तुझे सहाशे वाचले, माझ्या बैलांनी काय प्यायचं?”

वापरलेलं ऑइल आपल्या देशाच्या २०१६ च्या घातक कचरा नियमांत येतं. म्हणजे ते नालीत, शेतात, बोडीत टाकायची वस्तूच नाही. आता मी ते जुन्या कॅनमध्ये भरून ठेवतो आणि ऑइल जमा करणाऱ्या वर्कशॉपला देतो. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की माझ्या हिशोबात एक रकाना कमी आहे. चुकीची किंमत मी मोजली, की दुसऱ्याने?

दुसरी सर्व्हिस: व्हिडिओतून कापलेला भाग

आता मुख्य गोष्ट.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दुसरी सर्व्हिस आली. या वेळी म्हटलं, व्हिडिओच करू. लहान भाऊ मोबाइल धरून चाकाजवळ उकिडवा बसला. मी खाली जागा व्हावी म्हणून गाडीसोबत मिळालेला जॅक लावून पुढची बाजू उचलली आणि खाली सरकलो. अंगण मातीचं. रात्री पाऊस झालेला. मागच्या चाकांना दोन विटा लावल्या होत्या, म्हणून मनात धीर होता.

ड्रेन बोल्टचा पाना कोणता लागतो ते कॅमेऱ्याला दाखवायला मी बाहेर आलो. उठून उभा राहिलो, पाना वर धरला, आणि मागे गाडी धप्पकन खाली आली. जॅकचा तळ ओल्या मातीत रुतून तिरपा झाला होता. चाकं लावलेली होती म्हणून गाडी जमिनीला टेकली नाही. पण खाली जी फट उरली, तिच्यात माझी छाती मावणारी नव्हती. भावाचा पाय चाकापासून वीतभर लांब होता.

त्या क्लिपमध्ये भावाचा “आई गं!” असा आवाज आहे. बाबा आतून धावत आले, म्हणाले, “काय करून राहिला रे? सहाशे रुपयांसाठी जीव देतं का?”

मी काय केलं माहीत आहे? दुपारी अंगणात फळी ठेवून, जॅक पुन्हा लावून, राहिलेला भाग शूट केला. रात्री एडिटिंग करताना तो तुकडा कापला. कारण व्हिडिओचं नाव होतं ‘घरीच करा’. त्यात गाडी पडताना दाखवली तर कोण करणार? शेवटी फक्त एक ओळ टाकली, ‘सुरक्षिततेची काळजी घ्या’. मित्रांनो, अशी ओळ आपण आपली सुटका व्हावी म्हणून टाकतो. समोरच्याने नेमकं काय करायचं, ते त्यातून कळत नाही.

काय करायचं ते आता सांगतो. गाडीसोबत येणारा जॅक रस्त्यात चाक बदलण्यासाठी असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली जायचं नसतं. खाली जायचंच असेल तर सपाट सिमेंटची जमीन हवी, वजनाला साजेसे लोखंडी स्टँड हवेत, आणि चाकांना नीट अडण हवी. विटा फुटतात. हे नसेल तर खाली जायचं नाही. बस्स.

तिसरी आणि चौथी

तिसऱ्या वेळी स्टँड घेतले, सगळं नीट केलं. पण ड्रेन बोल्टमधून ऑइल गळू नये म्हणून पूर्ण ताकद लावून आवळला. आटे गेले. मिस्त्री त्याला चुडी जाणं म्हणतात. बोल्ट फिरतोय, पण धरत नाही. नवे आटे पाडून मोठा बोल्ट बसवायला ९०० रुपये लागले. जास्त मेहनत घेतली म्हणजे काम चांगलं झालं, असं नसतं. ऑइल थांबवायचं काम वॉशरचं असतं, तो दर वेळी नवा टाकायचा आणि बोल्ट बेताने आवळायचा.

चौथी वेळ २०२३ च्या दिवाळीआधीची. तोपर्यंत मी स्वतःला अर्धा मिस्त्री समजायला लागलो होतो. ब्रेक थोडे नरम लागत होते. व्हिडिओत पाहिलं, ब्रेक ऑइल बदलणं दहा मिनिटांचं काम. चाकाजवळची निपल सैल करायची, एकाने पेडल दाबायचं, जुनं ऑइल निघतं, वरून नवं भरायचं. खरंच सोपं आहे. पण मी खाली बाटली पाहत बसलो आणि वरची डबी रिकामी झाली. पाइपमध्ये हवा शिरली. हवा दबते, ऑइल दबत नाही. म्हणून पेडल सरळ खाली टेकलं.

नशिबाने हे गाडी फाटकातून बाहेर काढतानाच कळलं. हँडब्रेक तारेवर चालतो, तो ओढला आणि गाडी थांबली. हेच जर महामार्गावर, लाखनीच्या गर्दीत झालं असतं तर? मागे भांड्यांचे खोके, समोर शाळेतून येणारी पोरं.

मिस्त्री दिवाळीच्या धावपळीत तिसऱ्या दिवशी आले. तोवर गाडी अंगणात उभी आणि दुकानात माल नाही. शेवटी भाड्याची पिकअप करून इतवारीतून माल आणला.

वहीतला हिशोब

दिवाळीनंतर, मंडईची गर्दी ओसरल्यावर, मी वही घेऊन बसलो. हा माझा खरा हिशोब, जसा आहे तसा:

वाचले:
चार वेळची मजुरी, प्रत्येकी ६००: २४०० रुपये

गेले:
सांडलेलं ऑइल: ११५०
आटे दुरुस्ती: ९००
भाड्याची पिकअप: ४२००
ब्रेकसाठी मिस्त्री आणि ब्रेक ऑइल: ९५०
बेरीज: ७२०० रुपये

शिवाय पाने, फिल्टर काढायचा पाना, स्टँड, ट्रे असं मिळून ३८५० रुपयांची अवजारं. अवजारं ही मालमत्ता आहे, दहा वर्षं टिकतील, म्हणून ती बाजूला ठेवू. तरीही ७२०० वजा २४००, म्हणजे ४८०० रुपये निव्वळ तोटा.

आणि हा हिशोबही अपुरा आहे. चार वेळा मी अर्धा-अर्धा दिवस गाडीखाली होतो तेव्हा दुकान कोणी सांभाळलं? आईने. तिची मजुरी कुठे लिहिली? बोडीचं पाणी कुठे लिहिलं? भावाचा पाय कुठे लिहिला?

नवीन धंदा करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या वहीत मी ही एक चूक पाहतो. घरच्या माणसांचे तास शून्य रुपयांना धरलेले असतात. ‘नफा झाला’ म्हणतात, आणि तो नफा खरं तर आईची, बायकोची, भावाची न दिलेली मजुरी असते.

तो फोन

तरीही व्हिडिओ चॅनलवर होता. तोटा माझा, म्हणून मी गप्प होतो.

मग गेल्या वर्षी लाखांदूर तालुक्यातल्या एका तरुणाचा फोन आला. छोट्या गाडीवर भाजीचा धंदा करतो. म्हणाला, सर, तुमचा व्हिडिओ पाहून घरीच ऑइल बदलायला घेतलं. जॅक सरकला. माणूस वाचला, हाताची दोन बोटं चेपली. तीन आठवडे गाडी बंद, धंदा बंद.

तो चिडला नव्हता. त्याने एकच विचारलं, “सर, तुमच्याकडे असं काही झालं नव्हतं का?”

मी पाच-सात सेकंद बोललोच नाही. मग खरं सांगितलं. तो म्हणाला, “मग ते दाखवलं असतं तर बरं झालं असतं.”

त्याच रात्री व्हिडिओ काढला. त्याला सहा हजार रुपये पाठवले. त्याने आधी नाही म्हटलं, मग घेतले. हे सांगायचं कारण मोठेपणा नाही. माझ्या चुकीची किंमत त्याने बोटांनी मोजली होती, आणि ती पैशाने भरून निघत नाही.

माझं मत

आता मुद्द्यावर येतो. आम्ही ट्रेनर लोक तुम्हाला रात्रंदिवस सांगतो, ‘स्वतः करा, पैसे वाचवा, सोपं आहे.’ लोगो स्वतः बनवा, अकाउंट स्वतः ठेवा, दुकानाचं वायरिंगसुद्धा स्वतः करा. मी हेच शिकवत आलो. आज माझं मत बदललंय.

‘काम सोपं आहे का?’ हा प्रश्न विचारून काम घरी करायचं की बाहेर द्यायचं ते ठरवू नका. ब्रेकचं ऑइल बदलणं सोपं होतं, इंजिन ऑइल बदलण्यापेक्षाही सोपं. त्याऐवजी दोन प्रश्न विचारा:

१. चुकलं तर काय जाईल?
२. कोणाचं जाईल?

अ‍ॅमेझॉनचे जेफ बेझोस यांनी २०१५ सालच्या भागधारकांच्या पत्रात निर्णयांचे दोन प्रकार सांगितले आहेत. काही निर्णय एकतर्फी दारासारखे असतात, गेलो की परत येता येत नाही. काही दुतर्फी दारासारखे, पटलं नाही तर परत फिरता येतं. पहिल्या प्रकारात सावकाश चाला, दुसऱ्यात पटकन. मला ही गोष्ट पटते. पण एकोडीसारख्या गावात, जिथे घर, दुकान आणि शेजार एकाच अंगणात असतात, तिथे दुसरा प्रश्न जास्त मोठा आहे. कारण आपलं दार बंद झालं की बोट कोणा दुसऱ्याचंच चेपतं.

तीन ढीग

या दोन प्रश्नांवरून मी कामांचे तीन ढीग केले आहेत. आधी गाडीचे सांगतो, मग दुकानाचे.

पहिला ढीग: चुकलं तर थोडा वेळ किंवा थोडे पैसे जातील, तेही माझेच. एअर फिल्टर झटकणं-बदलणं, वायपर, टायरची हवा तपासणं, बल्ब, फ्यूज, बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी साफ करणं (उणे टोक आधी काढायचं, शेवटी लावायचं), थंड इंजिनवर कूलंटची पातळी पाहणं. हे घरीच करा. जरूर करा. मुलांना सोबत घेऊन करा.

दुसरा ढीग: चुकलं तर गाडी उभी राहील, खिशाला फटका बसेल. इंजिन ऑइल, फिल्टर, स्पार्क प्लग. हे शिका, पण पहिल्या दोन वेळा जाणत्या माणसाला मजुरी देऊन शेजारी उभं करा. लिहिलेली यादी ठेवा. आणि हंगामाच्या तोंडावर कधीच करू नका. मी दिवाळीऐवजी श्रावणात गाडी उघडली असती तर पिकअपचे ४२०० गेले नसते.

तिसरा ढीग: चुकलं तर माणूस जाईल, आपला किंवा दुसऱ्याचा. ब्रेक, स्टिअरिंग, पेट्रोलची लाइन, गॅस किट, आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाणं. याला हात लावायचा नाही. इथे मिस्त्रीची मजुरी हा खर्च धरूच नका. तो विमा धरा.

आता हेच दुकानात लावून पाहा.

पहिल्या ढिगात: मालाची मांडणी, व्हॉट्सअ‍ॅपवरचं कॅटलॉग, दिवाळीच्या ऑफरचा बोर्ड, रोजची रोकड मोजणं. चुकलं तर उद्या बदलाल. यासाठी एजन्सी नको, सल्लागार नको, माझा पेड कोर्सही नको.

दुसऱ्या ढिगात: हिशोबाची वही, बिलिंग सॉफ्टवेअर, जीएसटी. राज्यातल्या राज्यात वस्तू विकणाऱ्याला साधारणपणे ४० लाखांच्या उलाढालीनंतर जीएसटी नोंदणी लागते. नोंदणी झाली की दर वेळचं रिटर्न उशिरा भरल्यास दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क, व्यवहार शून्य असला तरी दिवसाला २० रुपये. ‘या महिन्यात विक्रीच नाही, मग कशाला भरायचं’ म्हणून बसलेले कितीतरी लोक मला भेटतात. हे शिकता येतं, पण पहिलं वर्ष सीए किंवा कर सल्लागाराला पैसे देऊन त्याच्या शेजारी बसून शिका. ‘तुम्हीच करून टाका’ म्हणून कागद फेकू नका. प्रत्येक आकडा कुठून आला ते विचारा.

तिसऱ्या ढिगात: डीप फ्रीजर किंवा एसी लावताना वायरिंगचा लोड, मुदत संपलेला खाण्याचा माल, भागीदारीचा करार, आणि घर किंवा शेती तारण ठेवून घेतलेलं कर्ज. यात चूक झाली तर तुमच्यासोबत घरचे, गिऱ्हाईक, शेजारचं दुकान, सगळे भरतात. मित्र आहे म्हणून तोंडी भागीदारी करणं, हे ओल्या मातीवर जॅक लावून खाली झोपण्यासारखंच आहे. रोज काही होत नाही. ज्या दिवशी होतं, त्या दिवशी उठायला वेळ मिळत नाही.

मग घरी सर्व्हिसिंग करायचं की नाही?

करायचं. मी आजही करतो, पहिल्या दोन ढिगांतलं. पण आता पैसे वाचवायला म्हणून करत नाही. माझा फायदा वेगळाच निघाला. पूर्वी वर्कशॉपचं बिल आलं की मी मान डोलावायचो. आता विचारतो, जुना फिल्टर दाखवा, वॉशर बदलला का, ब्रेक शू किती झिजले ते दाखवा. मिस्त्रीभाऊही आता मला समोर बसवून दाखवतात. कामाची माहिती असली की काम दुसऱ्याला नीट देता येतं. मालकाला हेच यावं लागतं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, पुढे नांगर आणि कारखाना उभा केला. त्यांना यंत्र हाताने कळत होतं. पण कारखाना म्हणजे शेकडो हातांना काम वाटून देणं. प्रत्येक बोल्ट स्वतः आवळत बसले असते तर दुकानच राहिलं असतं. तुम्हालाही एक दिवस दुसऱ्याच्या हातात पाना द्यायचाच आहे. कोणता पाना कधी द्यायचा, ते आजपासून ठरवायला लागा.

आज रात्री दुकान बंद केल्यावर एवढं करा. वहीचं एक पान घ्या, तीन रकाने आखा. या महिन्यात तुम्ही स्वतः केलेली सगळी कामं त्यात टाका. प्रत्येकासमोर लिहा: चुकलं तर काय जाईल, कोणाचं जाईल. तिसऱ्या रकान्यात एक जरी काम सापडलं, तर उद्या सकाळी ते जाणत्या माणसाकडे द्या. आणि घरातल्या कोणाचे किती तास लागले, तेही खाली लिहा. आईचेसुद्धा.

नवा व्हिडिओ बनवतोय. त्यात तो कापलेला तुकडा पहिल्याच मिनिटाला असेल, भावाच्या “आई गं!”सकट. भावाला विचारून टाकतोय. तो म्हणाला, “टाक. पण या वेळी मोबाइल स्टँडवर लावजो.”

भेटू पुढच्या लेखात. धंदा करा, हिशोब पूर्ण करा.